ओट्यापासून ओट्यापर्यंत

मोताळा तालुक्यातली गावं कोणी देवळावरून ओळखतं, कोणी बाजाराच्या वारावरून. शेषराव डॉक्टर ती ओट्यावरून ओळखायचे. "तुमच्या गावचा मारुतीचा ओटा फस्कलास. रोहिणखेडच्या वाटंवर टाकीचा चौथरा हाये, तोही चालते. फाट्यावरच्या हॉटेलाचा मात्र दोन बोटं ठेंगणा हाये. म्या सांगतलं त्याईले, एक फरशी टाका." ज्या गावात धड ओटा नाही ते गाव त्यांच्या लेखी सुधारलेलं नव्हतं, मग तिथे शाळा कितीही वर्गांची असो.

कारण साधं होतं. डॉक्टर पाच फूट दोन इंच, आणि त्यांच्या मोटरसायकलची सीट त्यांच्या कमरेच्या चांगली वर. चढायला ओटा लागायचा, उतरायला ओटा लागायचा. मधल्या वेळात मात्र आमच्या रस्त्यावर त्यांच्याइतका उंच माणूस नव्हता.

सरकारी कागदावर ते पशुधन पर्यवेक्षक. गावोगाव फिरून गाईम्हशींना रेतनाच्या कांड्या भरायच्या, लसी टोचायच्या, अडलेली गाय सोडवायची. लोक डॉक्टर म्हणत आणि ते दर वेळी दुरुस्ती करत, "मी डॉक्टर नाही." मग आवाज खाली आणून, "पण गाईले नका सांगू. तिचा भरोसा उडते."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी आपणहून सांगते, कारण कोणी विचारत नाही. शेषराव डॉक्टर विचारायचे. आमच्या गोठ्यात हात धुता धुता, "कितवं वर्ष व पोरी?" असं दर खेपेला. उत्तर लक्षात ठेवायचे नाहीत, पण विचारायचे न चुकता. त्यामुळे माझं शिक्षण सगळ्यात जास्त वेळा कोणाला माहीत झालं असेल तर ते त्यांना.

तर ती गाडी. मलकापूरच्या एका पोराने डोंगरात हिंडायला म्हणून घेतलेली, दोन वर्षांत त्याचा डोंगराचा सोस फिटला, ती डॉक्टरांनी घेतली. रस्त्यावरही चालते आणि रानातही चालते अशी हलकी गाडी. पुढचं चाक हे मोठं, टायरला भाकरीएवढ्या गाठी, पोट जमिनीपासून इतकं वर की खालून कोंबडी पिल्लांसकट निघून जाईल. आमच्या भागातले रस्ते पाहून कोणी गाडी बनवायला बसला असता तर त्याने हीच बनवली असती. डॉक्टर बांधावरून जायचे, ओढ्यातून जायचे, नांगरटीतून जायचे. सगळा तालुका म्हणाला, जन्मात एकदा डॉक्टरांनी शहाणपणाचा सौदा केला.

आणि मग फाट्यावर बोर्ड लागला. रस्त्याचं काम मंजूर, रुंदीकरणासह डांबरीकरण. नारळ फुटला, हार पडले, पाहुणे गेले. बोर्ड लागला म्हणजे रस्ता झाला असं मानणारा माणूस आमच्या तालुक्यात सापडणार नाही अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी बोर्ड दोनदा वाचला आणि गाडी घेऊन थेट मलकापूरला इरफानभाईच्या गॅरेजवर गेले.

इरफानभाई हा किस्सा अजून सांगतात.

"डाक्टरसाब, गाडी मिट्टी की है. आप उसको डांबर के जूते पहना रहे. डांबर है किधर?"

"येऊन राह्यलं."

"कब?"

"बोर्ड लागला ना."

इरफानभाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बोर्ड तो मेरे दुकान पे भी लगा है. 'काम एक घंटे में.'"

त्या कामाला एकोणीस दिवस लागले. दोन्ही चाकं काढून सतरा इंची बसवली, त्यावर रुंद, गुळगुळीत, रस्त्याचे टायर. पुढच्या ब्रेकची थाळी जेवणाच्या ताटाएवढी. पुढचे शॉकअप घट्ट करून घेतले. अंगकाठी रानातली तीच, उंच आणि सडसडीत, पाय मात्र शहरातले. याला सुपरमोटो म्हणतात, हे डॉक्टरांनी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं आणि जो विचारेल त्याला, न विचारेल त्यालाही, सांगत होते. गावाने तिला उंट म्हणायला सुरुवात केली. उंट म्हटल्यावर वरचा माणूस आपोआप शहाणा ठरला.

लहान चाकांमुळे गाडी दीड इंच खाली आली होती, तेवढंच. इरफानभाई म्हणाले, सीट कापून आणखी दोन इंच खाली आणतो. डॉक्टरांनी हात जोडले. "गाडी कापून माणूस उंच होत नाही, भाई. ओटे हायेत."

ओटे होतेच. रस्ता नव्हता. पुढची तीन-साडेतीन वर्षं डांबरासाठी बनवलेली ती गाडी खड्डे, मुरूम आणि काळी माती यांतून फिरली. पारावरचे लोक विचारायचे, "काय म्हणते डाक्तर, रस्ता?" डॉक्टर न चिडता सांगायचे, "मंजूर हाये."

दुसरी गोष्ट त्यांच्या पायाची. मोबाइलमधली सुपरमोटोवाली पोरं वळणावर आतला पाय पुढे काढून गाडी वळवतात. डॉक्टरांनी ते उचललं. गावाच्या बोळात, शाळेच्या कोपऱ्यावर, उकिरड्याला वळसा घालताना, गमबूट घातलेला पाय सरळ पुढे यायचा. वेग तो काय, सायकलीएवढा. लोकांना वाटलं, गाडीचा इंडिकेटर बिघडला म्हणून डॉक्टर पायाने दाखवतात. मग सगळे त्यावर विसंबायला लागले. "डाक्तरनं डावा पाय काढला, म्हणजे तुह्याच घरी येऊन राह्यले. गाय बांधून ठेव."

त्या पायाचा खरा अर्थ मला एकदाच कळला. शेवटच्या वर्षाची माझी परीक्षा बुलढाण्याला होती आणि त्या दिवशी एसटी आलीच नाही. आई रडायच्या बेतात, बाप फाट्याकडे पाहत उभा. मारुतीच्या ओट्याला डॉक्टर लागले होते. बापाने काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "ओट्यावर चढ पोरी. पोथ्या पुढं दे."

"डॉक्टर, गाय माजावर आलेली असेल ना कोणाची?"

"गाईचा माज संध्याकाळलोक टिकते. तुहा पेपर अकराले हाये."

राजूर घाटात तेवढा रस्ता चांगला होता. पहिल्या वळणावर त्यांचा गमबूट पुढे गेला, गाडी कलली, आणि मी मनात घोकलेलं सगळं विसरले. दुसऱ्या वळणाला लक्षात आलं, आपण पडत नाही आहोत. तिसऱ्याला मी डोळे उघडले. ती गाडी घाटात पाण्यासारखी चालली होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे, कुठे झटका नाही, कुठे घाई नाही. एरवी खड्ड्यांतून कण्हत जाणारा तो उंट आणि वरचे ते पाठ ताठ केलेले लहानखुरे गृहस्थ दोघं मिळून एक शहाणं जनावर झालं होतं. वर पोचल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "पाह्यलं? अशी हाये ती. हिले रस्ता पायजे फक्त."

त्या दिवशी मला पटलं की डॉक्टर चुकले नव्हते, तालुका उशिरा चालला होता. गावात हे बोलले असते तर लोकांनी मलाही उंटावर बसवलं असतं. म्हणून बोलले नाही.

परीक्षा केंद्राच्या दारात उतरायला ओटा नव्हता. मी उडी मारली. डॉक्टर गाडी चालू ठेवूनच वळले आणि गेले.

आता त्यांच्या खुर्चीविषयी सांगितलं पाहिजे. म्हणजे खुर्चीवर न बसण्याविषयी. जनावरांच्या बाबतीत त्यांचा एक नियम लहान पोरांनाही पाठ होता: बसलेलं जनावर चोवीस तासांच्या आत उठवा. कूस बदलत राहा, पोटाखाली पोतं सारा, दोघं इकडून दोघं तिकडून धरा आणि उभं करा. "बसलं की संपलं." हा नियम ते स्वतःलाही लावायचे. चहा उभ्याने. लग्नात जेवण उभ्याने, आणि तेही बुफेची पद्धत आमच्याकडे यायच्या आधीपासून. कोणी खुर्ची पुढे केली तर त्या खुर्चीवर पिशवी ठेवायचे.

सरूबाई आमच्या शेजारीण. एकटी बाई, एक गाय. एका श्रावणात सकाळी तिची गाय माजावर आली. सकाळी दिसलं तर संध्याकाळी भरायची, हा डॉक्टरांचा नियम, म्हणून ते संध्याकाळी निघाले. दिवसभर पाऊस. काळ्या मातीत गुळगुळीत टायर म्हणजे तेल लावलेल्या पाटावर लिंबू. सरूबाईच्या गोठ्यापासून पन्नास पावलांवर उंट आडवा झाला, आणि डॉक्टर त्याच्या खाली. लोक धावले. डॉक्टरांना उठता येईना, गुडघा वळेना. कोणी म्हणे हात धरा, कोणी म्हणे बाज आणा.

सरूबाई कडाडली, "असं नाही रे! त्याईचीच पद्धत हाये ना? आधी कूस बदला!"

आणि खरोखर, लोकांनी डॉक्टरांची कूस बदलली. पोटाखाली पोतं सारलं. दोघं इकडून, दोघं तिकडून. चिखलात अर्धा चेहरा गेलेल्या डॉक्टरांचा आवाज आला, "डावी नाही बे, उजवी! दुखऱ्या अंगावर कधी लोळवतेत का जनावर?"

उभे राहिल्यावर ते दवाखान्यात गेले नाहीत. खांबाला टेकून आधी गाय भरली. नऊ महिन्यांनी तिला कालवड झाली. चिखलात जमलं म्हणून सरूबाईने तिचं नाव चिखली ठेवलं.

गुडघा मात्र गेला. माणसांच्या डॉक्टरने तीन महिने आराम सांगितला, यांनी नऊ दिवस घेतला. पाय जमिनीवरून उचलून सीटवरून पलीकडे टाकणं आता त्यांच्या बसचं राहिलं नाही. आधी ओटा सोयीचा होता, आता तोच आधार.

तालुक्याला नवे साहेब आले होते, तरुण, मनाने चांगले. त्यांनी बोलावून सांगितलं, "शेषराव, तुमचं वय झालं, पाय असा. तुम्ही ऑफिसात बसा. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर संगणकात भरायचे. पंखा आहे."

"पंख्याखाली मी काय करू साहेब? मले जे समजते ते सगळं शेपटीखालचं हाये."

साहेब हसले, पण सोडलं नाही. "ठीक आहे. जोवर तुमचे तुम्ही गाडीवर चढता, तोवर फिरा. ज्या दिवशी कोणी धरून चढवावं लागेल त्या दिवसापासून खुर्ची. कबूल?"

डॉक्टरांनी कबूल म्हटलं आणि पारावर येऊन ते हसत हसत सांगितलंही. त्यांच्या हिशेबी हा पैजेचा विडा नव्हताच. ओटे होते ना.

आणि मग रस्ता झाला.

खरंच झाला. मशिनी आल्या, खडी आली, डांबर आलं. फाट्यापासून आमच्या गावापर्यंत काळाभोर, सपाट, मधोमध पांढरी रेघ. ज्या रस्त्यासाठी डॉक्टरांनी साडेतीन वर्षं गाडीला ताटकळत ठेवलं तोच. फक्त बोर्डावर 'रुंदीकरणासह' असंही लिहिलं होतं, आणि ते डॉक्टरांनी दोनदा वाचूनही मनावर घेतलं नव्हतं. रुंदीकरणात मारुती मागे सरकला आणि ओटा गेला. हॉटेलाचा ओटा गेला, नवी फरशी टाकलेली होती तिच्यासकट. टाकीचा चौथरा गेला. रस्त्याच्या कडेला बसण्यासारखं, चढण्यासारखं जे जे होतं ते सगळं गेलं, कारण ते रस्त्याच्या कडेला होतं.

नवा रस्ता झाल्यावर पहिल्यांदा डॉक्टर गावात आले ते घाटातल्यासारखे, पाण्यासारखे. मारुतीपाशी वळले, ओट्याच्या जागी पाहिलं आणि न थांबता परत गेले. आम्हाला वाटलं, फोन आला असेल.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. शाळेत जनावरांच्या तपासणीचं शिबिर, खुद्द साहेब आलेले. आणि नेमकी त्याच सकाळी चिखली अडली. पहिलंच वेत. वासराचा एक पाय आत दुमडलेला. साहेबांना बोलवा म्हटलं तर सरूबाई ऐकेना. "तिले पोटात ज्यानं घातलं तोच काढीन." डॉक्टरांना फोन गेला.

डॉक्टर आले. थांबले नाहीत. सरूबाईच्या दारावरून एक चक्कर मारून शाळेपर्यंत गेले, तिथे साहेब दिसले, परत वळले. दुसरी चक्कर. सरूबाई दारातून ओरडते, "अहो डाक्तर, इकडं! काऊन फिरून राह्यले?" डॉक्टर चालत्या गाडीवरून, "पाय दिसते का? किती पाय दिसते?" आणि पुढे निघून गेले. तेव्हा कुठे गावाच्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस उतरेल, पण चढणार कशावरून? आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत त्याला कोणी बगलेत धरून चढवलं की उद्यापासून खुर्ची, पंखा आणि बिल्ल्यांचे नंबर.

तिसऱ्या चकरीला चिखली हंबरली. डॉक्टरांनी ब्रेक मारला, गाडी तशीच एका अंगाला कलती केली आणि पोत्यासारखे घसरून खाली आले. गाडी स्टँडला लावली. मागे वळून पाहिलं नाही. शर्ट काढला, खांद्यापर्यंत हात धुतला, आत गेले.

अर्धा तास लागला. आत सरूबाईचा जीव टांगणीला, बाहेर गावाचा. पुंजाजीकाका, ज्यांच्याकडे ट्रॅक्टर, ते माझ्या बापाच्या कानाला लागले. बाप हसला. थोड्या वेळाने ट्रॅक्टर आला आणि त्याची ट्रॉली उलटी आणून अशी लावली की तिची फळी आणि उंटाची सीट अगदी शेजारी, एका पातळीला. मागून ढेपेच्या पोत्यांच्या पायऱ्या केल्या. ट्रॉलीवर सतरंजी. मग पुंजाजीकाका शाळेत गेले. "साहेब, गावाच्या वतीनं तुमचा सत्कार हाये."

"अहो, कशाला?"

"रीत हाये साहेब. पहिल्यांदा आले तुम्ही."

सत्काराला नाही म्हणणारा साहेब अजून जन्मायचा आहे. साहेबांना ट्रॉलीवर उभं केलं, हार घातला, नारळ आला, शाल आली. ती पुंजाजीकाकांच्या पोरीच्या लग्नातली होती. तेवढ्यात वासरू आलं, जिवंत, चिखलीच्याच रंगाचं. सरूबाई रडत हसत बाहेर आली. मागून डॉक्टर, हात पुसत. त्यांना काही कळायच्या आत पोत्यांच्या पायऱ्यांवरून ट्रॉलीवर नेऊन, दुसरा हार त्यांना घातला. पायऱ्या चढताना दोघांनी कोपर धरलं, पण सत्कारमूर्तीचं कोपर धरतातच, त्यात साहेबांना वावगं काय दिसणार?

साहेब बोलायला उभे राहिले. गावाचं प्रेम, खात्याची सेवा, असं करत करत डॉक्टरांवर आले. "शेषरावांसारख्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आता विश्रांती..." इथे मागून इंजिन चालू झालं. डॉक्टर फळीवरून सरळ सीटवर बसले होते. गावाने टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनी हात जोडून तो स्वीकारला. मग वळून पाहिलं तर डॉक्टर गाडीवर, आपले आपण. "अजून दम आहे यांच्यात," साहेब कौतुकाने म्हणाले आणि विश्रांतीचं वाक्य तिथेच राहिलं.

मी मात्र ट्रॉलीच्या बाजूलाच उभी होते. बसल्यावर डॉक्टरांनी आधी पोती पाहिली, मग ट्रॉली पाहिली, मग पुंजाजीकाकांच्या आणि माझ्या बापाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांच्या तोंडावर एकच खुशी. त्यांनी हार काढून हँडलला अडकवला आणि गेले. कोपऱ्यावर पाय पुढे आला, पण घाटातला तो रुबाब त्यात नव्हता.

गाव आठवडाभर स्वतःवर खूश होतं. "साहेबाले पत्ता बी नाही लागला!" साहेबाला पत्ता लागला नव्हता हे खरंच. लागला होता तो डॉक्टरांना. ओट्याशिवाय आपल्याला आता चढताच येत नाही हे आख्ख्या गावाला माहीत आहे, हे त्यांना त्या दिवशी माहीत झालं.

मी त्यांना पुढे एकदाच पाहिलं, संक्रांतीच्या आसपास. चिखलीच्या वासराला लस द्यायची होती. मी अंगणात होते. डॉक्टर आले ते चालत. खांद्याला पिशवी, पाय ओढत, कपाळावर घाम.

"गाडी कुठं, डॉक्टर?"

"मोरीवर."

मोरी म्हणजे ओढ्यावरचा नवा लहान पूल, गावापासून चांगला अर्धा-पाऊण किलोमीटर. त्याला सिमेंटचा कठडा आहे, रुंद, सपाट, दीड हात उंच.

"बिघडली का?"

"नाही व. गुडघ्याले चाल पायजे म्हणून डॉक्टरनं सांगतलं."

"कोणत्या डॉक्टरनं?"

ते लस भरत होते. वर न पाहता म्हणाले, "मीच."

रस्ता झाला आणि डॉक्टर पायी फिरायला लागले. हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण इतकं शिकून निदान एवढं तरी समजतं. मी पाणी दिलं. सरूबाईने घरातली एकुलती खुर्ची आणून ठेवली. डॉक्टरांनी तिच्यावर पिशवी ठेवली आणि चहा उभ्यानेच घेतला. निघताना विचारलं, "कितवं वर्ष व पोरी?"

"डॉक्टर, मी कॉलेजात शिकवते आता. दीड वर्ष झालं."

"हाव का? मंग पास झाली म्हणायची."

मी माडीवर गेले. वरून रस्ता थेट मोरीपर्यंत दिसतो. त्या काळ्याभोर, गुळगुळीत, मधोमध रेघ मारलेल्या डांबरावरून एक बुटका माणूस लंगडत चालला होता, अगदी कडेकडेने, जसा काही नवा रस्ता मळेल. बराच वेळ लागला. मोरीपाशी उंट कठड्याला टेकून उभा होता. तो माणूस थांबला. पुढे पाहिलं, मागे पाहिलं, कोणी येत नाही ना. मग कठड्यावर चढला आणि एकदम उंच झाला.

मोरीच्या पुढे रस्ता डावीकडे वळतो. इतक्या लांबून गाडीचा आवाज येत नव्हता, चेहरा तर नाहीच. पण वळणाच्या जरा आधी गमबुटातला पाय सरळ पुढे आला, आणि कोणीही न सांगता मला समजलं, डॉक्टर आता डावीकडे वळणार.